गुणपत्रिका आणि कर्मफळ
गीता माणसाला कर्मावर अधिकार देते, फळावर नाही. मग व्याघ्र प्रकल्पाला गुण द्यायचे ते गस्तीचे की वाघांचे? आपल्याकडच्या व्याघ्र प्रकल्पांच्या मूल्यमापनात आराखडा, मनुष्यबळ, निधी, परिणाम सारंच तपासतात. २०२२च्या फेरीत पेरियार व्याघ्र प्रकल्प ९४.३८ टक्के मिळवून पहिला आला. दुष्काळाने वाघ घटले तर त्याचा दोष वनरक्षकाच्या माथी का मारावा, हा आक्षेप रास्तच. पण सरिस्का व्याघ्र प्रकल्पात वाघ कागदावर नांदत होते, आणि २००५ साली एकही उरला नसल्याचं उघड झालं. फळाची आसक्ती सोडणं वेगळं, फळाकडे डोळेझाक करणं वेगळं. (निष्काम कर्माच्या नावाखाली आपण बहुधा डोळेझाकच करतो.) पाणवठ्याच्या ओल्या मातीत उमटलेला वाघाचा ठसा वनरक्षकाचं बक्षीस नव्हे, त्याच्या पायपिटीचा साक्षीदार आहे, नोंदवहीतल्या सहीआधी मी त्या ठशालाच विचारीन.