तीर्थ उकळावे काय?

२०२३ सालच्या कार्तिकीची गोष्ट. काला झाला होता, दिंडी परतीच्या तयारीत होती, आणि आमच्यातील एक वृद्ध माउली हातात प्लास्टिकची बाटली घेऊन आमच्यापाशी आली. बाटलीत चंद्रभागेचे पाणी होते. घरी आठ महिन्यांचा नातू. त्याच्या मुखात तीर्थ घालायचे होते. "पण बुवा," ती म्हणाली, "सून म्हणते, उकळल्याबिगर द्यायचं न्हाई. मागल्या साली थोरलीला दिलं आन् तिला हगवण लागली. चार दिस सलाईनवर पडली होती. आता तुमीच सांगा, तीर्थ चुलीवर ठेवलं तर त्याचं तीर्थपण ऱ्हातं का?"

थोरलीला हगवण त्याच पाण्याने लागली असे कोणी छातीला हात लावून सांगू शकणार नाही. लहान लेकराला दुखणे यायला शंभर वाटा असतात. पण माउलीचा प्रश्न त्याने हलका होत नाही. आम्ही उत्तर देण्याआधीच शेजारी बसलेले आमचे विणेकरी म्हणाले, "तीर्थाच्या ठायी शंका आणू नये. भाव ठेवावा, बाकी पांडुरंग बघतो." विणेकरीबुवांची वारी चाळीस वर्षांची. त्यांच्या पायी आमचे मस्तक नेहमीच असते. तरी त्या उत्तराने आमचे समाधान झाले नाही, आणि माउलीचेही झालेले दिसले नाही. ती बाटली हातातल्या हातात फिरवीत तशीच उभी राहिली.

वाचकहो, स्वतःचा देह तीर्थावर टाकणे ही निष्ठा होय. तिच्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ज्याला अजून बोलता येत नाही, नाही म्हणता येत नाही, असे दुसऱ्याचे लेकरू आपल्या निष्ठेवर टाकणे ही निष्ठा म्हणावी काय? जोखीम त्याची आणि पुण्य आपले, असा हा हिशेब होतो. पांडुरंग बघतो हे खरे. पण त्याने बघण्यासाठी सुनेलाही डोळे दिले आहेत, हे आपण का विसरावे?

आता उकळण्याचे पाहू. आपल्यात म्हणणारे म्हणतात की तीर्थात कितीही घाण मिसळली तरी तीर्थाला काही लागत नाही. ठीक आहे, तसे मानू. पण मग ज्या तीर्थाचे तीर्थपण शहराच्या गटाराने जात नाही, ते घरच्या चुलीवरच्या अग्नीने कसे जाईल? दोन्ही गोष्टी एका तोंडाने बोलता येणार नाहीत. देवाचा नैवेद्य चुलीवरच शिजतो आणि त्याचा प्रसाद होतो. तेथे कोणी अग्नीला दोष दिलेला आम्ही ऐकला नाही.

आमच्या मते घोटाळा शब्दांचा आहे. पवित्र आणि स्वच्छ हे दोन शब्द आपण एकाच थैलीत घातले. पवित्रपण हे नदीचे आणि आपले नाते आहे. ते गंगाजळ असो की गावचा ओढा, भावाने जडते. स्वच्छपण हा पाण्याचा गुण आहे, तो मोजावा लागतो. आंघोळीच्या पाण्यासाठी सरकारी कसोटी ठरलेली आहे. शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू ५०० च्या आत असावेत, आणि कोणत्याही परिस्थितीत २५०० च्या वर नसावेत. त्यातील सेंद्रिय घाण कुजताना जो प्राणवायू खाते तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून जास्त नसावा. ही कसोटी अंगावर घेण्याच्या पाण्याची आहे, पिण्याच्या पाण्याची नव्हे. ओंजळीत पाणी नितळ दिसले म्हणून ते या कसोटीला उतरेलच असे नाही, कारण हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पंढरीच्या यात्रेत पटकीने माणसे पटापट जात. तेव्हाही पाणी दिसायला पाण्यासारखेच होते, आणि मरणारे अभाविक नव्हते.

मग ही घाण येते कोठून? वाळवंटात आपण जे करतो ते तर आहेच. जुनी वस्त्रे नदीत सोडणे, द्रोण, निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि ज्याचा उच्चार करायला आपण लाजतो पण करायला लाजत नव्हतो ते सर्व. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर गेल्या दशकात वाळवंटातील राहुट्या उठल्या, पैलतीरी पासष्ट एकरांचा तळ झाला, फिरती शौचालये आली. त्या वेळी आमच्यातील पुष्कळजण रागावले होते. आम्हीही रागावलो होतो, हे येथे कबूल करतो. आपली घाण दुसऱ्या दिवशी कोणीतरी माणूसच हाताने उचलत होता, ही गोष्ट आमच्या ध्यानात तेव्हा आली नाही. एकादशीला ज्याच्या-त्याच्या पाया पडणारे आपण, आणि द्वादशीनंतर वाळवंटात कोण वाकतो ते पाहायला थांबत नव्हतो. माणसाकरवी मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. गाडगेबाबांनी याच पंढरीत हाती खराटा घेतला होता, त्याला तेव्हा किती वर्षे उलटली होती!

पण सारा दोष यात्रेकरूंच्या माथी मारणेही न्यायाचे नव्हे. यात्रा वर्षातून चार वेळा. नदी रोज वाहते. नकाशा डोळ्यांपुढे आणा. देहू आणि आळंदी ही इंद्रायणीकाठची गावे. इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते. पुण्याची घाण घेऊन मुळा-मुठा त्याच भीमेला खाली येऊन मिळते. मग उजनीचे धरण, १९८० साली पुरे झालेले. त्याच्या खाली नरसिंहपुरास नीरा मिळते, आणि हीच भीमा पंढरीस चंद्रकोरीसारखी वळून चंद्रभागा म्हणवते. म्हणजे पालखीबरोबर नदीही आळंदीहून पंढरीस निघते. फरक इतकाच की तिच्या वाटेत मुक्काम उजनीचा, आणि तिच्या डोक्यावर तुळस नसून पिंपरी-चिंचवडचे आणि पुण्याचे सांडपाणी असते. आळंदीस इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना अलीकडे सर्वांनीच पाहिला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तीत मुळा, मुठा, इंद्रायणी, भीमा ही सर्व नावे आहेत. उजनीत हे पाणी तुंबते, काही गाळ खाली बसतो, आणि वर उन्हाळ्यात हिरवी शेवाळ धरते.

येथे आम्हांस एक गोष्ट फार टोचते. त्या शहरांत राहणारा कोण? त्यांत वारकरीही हजारोंनी आहेत. आमची दोन मुले तेथेच कारखान्यात आहेत. आषाढीला पायी निघणारा जो वारकरी तेथल्या चाळीत राहतो, त्याच्या मोरीचे पाणी वर्षभर चंद्रभागेस त्याच्या आधी पोचलेले असते. नदीकाठी उभे राहून सरकारला बोल लावणे सोपे, आणि बोल लावलाही पाहिजे. २०१६ साली 'नमामि चंद्रभागा' जाहीर झाले, त्याचे काय झाले हे विचारण्याचा आपला हक्क आहे. पण आपल्या वॉर्डातील सांडपाणी शुद्धीकरणाच्या केंद्रात जाते की ओढ्यात, हे आपल्यापैकी किती जणांनी नगरसेवकाला विचारले? भजनी मंडळाच्या मंडपासाठी आम्ही त्याच्या दारी तीनदा गेलो. या कामासाठी एकदाही नाही.

पाण्याच्या खोलीचाही विचार येथेच करावा. वाळूउपशाने पात्रात खड्डे पडतात. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस एक पाऊल पुढे टाकतो तो गळ्यापर्यंत जातो. वरून धरणाचे पाणी सोडले की मघाची जागाही राहत नाही. दरसाल कोणी ना कोणी बुडते, आणि होडीवाले कोळी बांधव कितीकांना ओढून काढतात. कोणी बुडून गेला की "चंद्रभागेत देह पडला, भाग्यवान" असे म्हणणारे असतात. त्यांनी हे वाक्य त्याच्या घरी जाऊन, त्याच्या लेकरांपुढे म्हणून पाहावे. होडीवाला ज्या जागेकडे जाऊ नका म्हणतो तेथे जाऊ नये. म्हाताऱ्या माणसाने एकट्याने उतरू नये. एवढे सांगायला आम्हांस कोणत्याही ग्रंथाचा आधार लागत नाही.

असो. माउली उभीच होती. आम्ही तिला म्हटले, "आई, उकळल्याने तीर्थपण जात नाही. खळखळून उकळी आली की मिनिटभर राहू द्यायची, झाकून गार करायचं, मग मोठ्यांनी थेंबभर घ्यायला हरकत नाही. पण उकळून जंतू मरतात, कारखान्याचं औषध मरत नाही. म्हणून बाळाच्या तोंडात घालू नका. त्याच्या कपाळाला बोट लावा."

"नुसतं कपाळाला?" ती म्हणाली. "माझ्या सासूनं माझ्या पोरांच्या तोंडात घातलं होतं."

"तेव्हाची नदी निराळी होती, आई."

ती थोडा वेळ गप्प राहिली. तिला आमचे म्हणणे पटले की नाही, आम्हांस कळले नाही. मग बाटलीचे झाकण तिने पुन्हा एकदा आवळले, बाटली पिशवीत बुक्क्याच्या पुडीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "सुनेला हेच सांगते. तिचंच खरं निघालं म्हणून नाचंल आता." आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून ती लगबगीने निघाली.