पठारावरचे फूल कोणाच्या कामाचे?



मागच्या रविवारी मिस्सानंतर आपल्या एका भाविकाने मला विचारले, "फादर, वाघासाठी चांदोलीतली माणसे उठवली. आता गवताफुलांसाठीही उठायचे का?" विचारणाऱ्याचे आजोळ वारणेच्या धरणात गेले आहे, त्यामुळे हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. त्या वेळी दारात उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही, म्हणून हे लिहितो.

चांदोली १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० साली कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटले. त्या यादीत आपली चांदोली आहे आणि साताऱ्याचे कासही आहे. कासला आपण दसऱ्याच्या आधी गाडी करून फोटो काढायला जातो. पण तिथे पायाखाली काय आहे? कातळावर बोटभर माती. पावसाळ्याचे चार महिने पाणी, पुढे आठ महिने तापलेला दगड. अशा जागी जी झाडे जगायला शिकली ती सहसा दुसरीकडे जगत नाहीत. सीतेची आसवे आणि दवबिंदू ही फुले किडे पकडून खातात, कारण मातीत पोषणच नाही. वायतुरा नावाची इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या फुलोऱ्याची वनस्पती तर सह्याद्रीच्या मोजक्या पठारांवरच उगवते. तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

कंदीलपुष्पाची गोष्ट मला फार आवडते. त्याची नळी आतून उलट्या केसांची असते. माशी आत शिरते आणि अडकते. एक-दोन दिवसांत ते केस सुकतात, मग परागकण घेऊन माशी सुखरूप बाहेर पडते. तुरुंगही झाला आणि सुटकाही! याचे कंद गोड लागतात, गुराखी पोरे ते उकरून खात आली. कंद गेला की झाडच गेले. त्या पोराला पापी म्हणायला माझी जीभ वळत नाही. पठार पोखरून जांभा काढणाऱ्याचे आणि प्लॉट पाडणाऱ्याचे मात्र तसे नाही, त्याला भूक लागलेली नसते.

या झाडांची मोजदाद करण्यात आपल्या धर्मगुरूंचाही वाटा आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. फादर ब्लॅटर हे स्विस येशूसंघीय, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवत. पाचगणीच्या नावाचे एक कंदीलपुष्प त्यांनी व मॅकॅन यांनी शास्त्राला ओळखून दिले. (ही साताऱ्याची पाचगणी, आपल्या पवनचक्क्यांची गुढे-पाचगणी नव्हे.) त्यांच्यानंतर स्पेनहून आलेले फादर सांतापाव. त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर १९५३ साली ग्रंथ काढला, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेचे ते संचालक झाले आणि १९६७ साली पद्मश्री मिळाली. एका कंदीलपुष्पाला त्यांचे नाव दिले आहे. सकाळी मिस्सा अर्पण करायची आणि मग डोंगरात गवत तपासत हिंडायचे, यात या दोघांना काही विसंगत वाटले नाही.

मोजतात कसे? एखाद्या जातीची पूर्ण वाढलेली झाडे पन्नासहून कमी उरली तर ती अतिसंकटग्रस्त. अडीचशेहून कमी तर संकटग्रस्त. किती जागेत उगवते, किती वेगाने घटते, हेही पाहतात. शेवटचे झाड मेले याबद्दल वाजवी शंका उरत नाही तोवर 'नामशेष' असे लिहीत नाहीत. मला यात एक नैतिक शिस्त दिसते. घाईने कुणाला मेलेले ठरवायचे नाही. आणि एक वर्ग 'माहिती अपुरी' असा आहे. त्यात पडलेली झाडे सुरक्षित आहेत असे नव्हे, त्यांच्याकडे अजून कुणी नीट पाहिलेले नाही एवढेच.

आता मूळ प्रश्न. ही झाडे वाचवायची कशासाठी? सोपे उत्तर म्हणजे औषध. सदाफुलीतून रक्ताच्या कर्करोगावर औषध मिळाले, उद्या दुसऱ्या कशातून मिळेल. उत्तर खरे आहे, पण तोकडे आहे. हेच एकमेव कारण असेल तर तपासून निरुपयोगी ठरलेले झाड खुशाल उपटावे असाही त्याचा अर्थ होतो. माणसांच्या बाबतीत हा हिशेब आपण मानत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईचा उपयोग कोणी विचारत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी वेगळा मार्ग दाखवला. देवाचे चांगुलपण एका निर्मितीत मावणारे नाही, म्हणून त्याने अनेक आणि निरनिराळ्या गोष्टी निर्माण केल्या. एकीत जे उणे ते दुसरीत दिसते. म्हणजे एक जात गेली तर देवाविषयी काही सांगणारा एक आवाज बंद पडला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात हाच विचार पुढे नेला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वनस्पती तिसऱ्या दिवशी येतात आणि देवाला त्या चांगल्या दिसतात, तेव्हा माणूस अजून यायचा आहे. ईयोबाच्या ग्रंथात तर जिथे माणूस राहत नाही अशा ओसाड रानातही देव पाऊस पाडतो, गवत उगवावे म्हणून. आपल्या फायद्याचा तिथे संबंधच नाही.

मग माणूस आणि फूल सारखेच का? नाही. माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे, आणि ज्याचे गाव उठले त्याला जमीन, पाणी आणि सन्मान मिळणे हा न्याय आहे, उपकार नव्हे. विस्थापिताला वाऱ्यावर सोडून राखलेले जंगल मला अर्धवटच राखलेले वाटते. पण बहुतेक वेळा भांडण गरीब माणूस आणि फूल यांचे नसतेच. ते फूल आणि आपली चैन यांचे असते: हॉटेल, बंगला, पठारावर थेट नेलेली गाडी. चैनीने केलेला खर्च गरिबाच्या नावावर टाकायचा, ही लबाडी आहे.

आणि कामही होऊ शकते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पाच्या अनेक जाती उद्यानात वाढवल्या आणि रोपे पुन्हा डोंगरात लावली. कुंडीतले झाड जगते खरे, पण त्याची माशी, त्याचा कातळ, त्याचा पाऊस कुंडीत येत नाही. परत डोंगरात नेण्याचे मोल म्हणूनच मोठे.

आपल्याकडे पठार नाही, दफनभूमी आहे. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिनाआधी आपण दरवर्षी तिथे तणनाशक मारतो. यंदा ते मारू नये असे मी सुचवतो. वरच्या खडकाळ कोपऱ्यातले गवत बी झडल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, हाताने कापू. येताना विळे आणावेत. त्याआधी कोणाला तिथल्या फुलांची गावठी नावे ठाऊक असतील तर आपल्या आजीला विचारून कागदावर लिहून माझ्याकडे द्यावीत.