मुद्देमाल कोणाचा?

सातपाटीच्या बंदरात शाकारलेल्या बोटीवरून दालदी जाळी किंवा इंजिनाचे भाग चोरीला गेले, तर कायदा त्याला भुरटी चोरी म्हणून सोडून देत नाही. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण माल ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतून, तंबूतून किंवा नौकेतून चोरी झाली, तर कलम 305 प्रमाणे ती सात वर्षांपर्यंत जाते. तरीही चोरीची बातमी आली की ‘असल्यांचे हात तोडले पाहिजेत, अफगाणिस्तानात बघा’ हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून निघतेच. त्या वाक्यामागचा संताप खरा आहे, कारण पावसाळी बंदी उठल्यावर पापलेटचे मोजके आठवडे हाती असतात आणि तेव्हा जाळे नसलेल्या तांडेलाचा सारा हंगाम बुडतो. माझे म्हणणे इतकेच, की हात तोडल्याने त्याचा हंगाम परत येत नाही. शिक्षेची नजर चोराच्या देहावर खिळली की मालकाचा माल हमखास विसरला जातो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा खुद्द अफगाण कायद्यातच सापडतो. 1976 च्या आणि 2017 च्या दोन्ही अफगाण दंडसंहितांनी हुदूद, म्हणजे धर्माने ठरवून दिलेल्या शिक्षा, हनफी धर्मशास्त्रावर सोपवल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये तालिबानचे प्रमुख हिबतुल्ला अखुंदजादा यांनी त्या पूर्णपणे लागू करण्याचा हुकूम न्यायाधीशांना दिला. पण हनफी ग्रंथ उघडले तर हात तोडण्यापूर्वी अटींची रांगच लागते. मालाची किंमत किमान दहा दिरहम हवी, तो राखलेल्या जागेतून गेलेला हवा, दोन साक्षीदार किंवा कबुली हवी, आणि कबुली मागे घेतली तर हात वाचतो. लाकूड, गवत, पाखरे आणि मासे यांच्या चोरीला तर ही शिक्षाच नाही. दुष्काळाच्या वर्षी खलिफा उमर यांनी ती थांबवली होती, असे परंपरा सांगते. त्याहून महत्त्वाचा नियम वेगळाच आहे: चोरलेली वस्तू शिल्लक असेल तर ती मालकाला परत मिळते, पण ती संपली असेल आणि हात तोडला गेला असेल, तर चोराकडून भरपाई मागता येत नाही. एका अपराधाची वसुली दोनदा नको, हा त्यामागचा विचार. मालकाच्या पदरात मात्र काहीच पडत नाही.

आपल्याकडेही पेशवाईत चोरांचे हातपाय तोडल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा कुणी काबूलकडे बोट दाखवून स्वतःला सुधारलेले समजू नये. पण त्याच काळात गावगाड्यात दुसरी एक समजूतदार रीत होती. चोरीचा माग काढणे हे रामोशाचे किंवा जागल्याचे काम. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवला की जबाबदारी त्या गावावर, आणि माग लागलाच नाही तर नुकसान भरून देण्याची जोखीम रखवालदारावर. याज्ञवल्क्यस्मृती तर चोरीस गेलेले धन प्रजेला परत देण्याचे कर्तव्य राजावरच टाकते. त्या रीतीत जातीचा जाच होता आणि निरपराध्यावर बोजा पडत असे, म्हणून ती परत आणण्यासारखी नाही. मात्र ‘मालकाचे काय?’ हा प्रश्न ती आधी विचारत असे.

आज तो प्रश्न शेवटी येतो. चोर सापडला, जाळे सापडले, तरी ते पुरावा म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात पडून राहू शकते. नायलॉनचे जाळे उन्हात जीर्ण होते, इंजिन गंजते आणि निकालापर्यंत मुद्देमाल भंगार होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात अशी जप्ती विनाकारण लांबवू नका, फोटो आणि पंचनामा करून वस्तू मालकाला द्या, असे बजावले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 497 त्याच वाटेने जाते.

यावर आक्षेप असा, की वस्तू परत दिली म्हणून चोर सुटला तर चोरी म्हणजे बिनव्याजी उसनवारी होईल. आक्षेप रास्त आहे, पण परतफेड म्हणजे माफी नव्हे. न्याय संहितेच्या कलम 303 ने पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, वस्तू किंवा किंमत परत केल्यावर, समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. परतफेड आणि शिक्षा तिथे जोडीने येतात. जाळ्यांची किंमत पाहता ही मर्यादा फारच खाली आहे, ती वाढवावी. दुसरा आक्षेप, दहशतीशिवाय वचक राहत नाही. वचक बसतो तो पकडले जाण्याच्या खात्रीने, हे इटालियन विचारवंत बेकारियाने 1764 मध्येच मांडले होते. खात्री नसते तिथे लोक दहशत स्वतःच्या हातात घेतात. याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे 16 एप्रिल 2020 च्या रात्री, चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारले. पोलीस तिथे होते, तरी कुणी वाचले नाही. त्या तिघांनी कुणाचे काहीही नेले नव्हते. हात तोडण्याची मागणी करणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे, की ग्रंथातला काझी दोन साक्षीदार मागतो आणि जमाव एकही मागत नाही.

कलम 497 नुसार जप्त वस्तू न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिची यादी व्हावी, फोटो वा चित्रफीत घेतली जावी आणि त्यानंतर तीस दिवसांत तिच्या ताब्याबद्दल आदेश निघावा. सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी सभासदांच्या जाळ्यांवर खूण घालून नोंदी ठेवल्या आणि चोरी झाली की सुपुर्दनाम्याचा, म्हणजे जप्त वस्तू मालकाच्या ताब्यात मिळण्याचा, अर्ज स्वतः पुढे होऊन लिहून दिला, तर ही मुदत कागदावर राहणार नाही.