तृषित जीवाचे ऋण
प्रयोगासाठी उंदरास पाण्यावाचून ठेविले असता त्याच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढते, शरीरात ताणाची संप्रेरके स्रवतात आणि त्यांच्या आधिक्याने रोगांशी झुंजणाऱ्या लसिका पेशी रक्तात घटतात. हे ज्ञान मनुष्याच्या चिकित्सेस उपयोगी आहे. परंतु लाभ एकाचा आणि तहान दुसऱ्याची, हा व्यवहार धर्म्य ठरेल काय?

अन्य उपाय नसेल आणि यातना अल्पतम असेल, तरच त्यास काही आधार राहतो. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही प्रयोगातील अनावश्यक यातना टाळण्यास सांगितले आहे. जे पूर्वीच कळले, ते पुन्हा पाहण्यासाठी मुक्या जीवास तृषित ठेवणे ही जिज्ञासा नव्हे, हिंसाच होय. औषधाने बरा होणाऱ्या गृहस्थाने हे ऋण विसरू नये. दारी आलेल्या प्राण्यास पाणी पाजणे ही त्याची पहिली फेड होय.