चंबू धुताना

कुर्डुवाडी स्टेशनवर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बी.एस्सी.च्या मुलामुलींसाठी आजचे हे चार शब्द.

मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्याच पुढे जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी.

प्रवेश मिळाला तरी प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शोध लागत नाही, काचेची भांडी धुवावी लागतात. विसळलेल्या चंबूला आतून थेंब चिकटून राहिले तर तो पुन्हा धुवायचा. पाण्याचा सलग, पातळ पडदा उतरला की समजायचं, स्वच्छ झाला. हे काम हलकं मुळीच नाही. पुढच्या प्रत्येक आकड्याचा भरवसा त्यावरच असतो. वहीत चुकलेला आकडाही गिरगटायचा नाही; एक रेघ मारून वाचता येईल असा ठेवायचा. मला ही शिस्त फार मोलाची वाटते.

ती शिकायला लांब जायला नको; सोलापूरचं विद्यापीठ २००४ पासून आहे, गाडीनं जाऊन येण्याजोगं. मुलांनो, आज तास संपला की सरांना, मॅडमना विचारा, "सुट्टीत प्रयोगशाळेत कामाला येऊ का?"