पडद्याचा काळ, वाद्यवृंदाचा काळ

मूकपटाचे संगीत ही स्वतंत्र कलाकृती की चित्राची चाकरी, हा सौंदर्यशास्त्रातला पेच एडमंड मायझेल (१८९४–१९३०) या संगीतकाराच्या अल्प कारकिर्दीत लख्ख दिसतो. व्हिएन्नात जन्मलेला आणि बर्लिनमध्ये वाढलेला मायझेल मूळचा व्हायोलिनवादक. एर्विन पिस्काटोरच्या राजकीय नाटकांना तो संगीत देई. १९२६मध्ये सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा मूकपट ‘बॅटलशिप पोटेमकिन’ बर्लिनला आला, तेव्हा त्याचे संगीत मायझेलने जेमतेम दोन आठवड्यांत लिहून काढले. शेवटच्या भागात, युद्धनौका आरमाराला सामोरी जाते तिथे, दिग्दर्शकाला सुरावट नको होती, निव्वळ लय हवी होती. मायझेलने इंजिनांची धडधड तालवाद्यांतून उभी केली.

संगीताचा आशय म्हणजे गतिमान नादाकृती, बाहेरचा प्रसंग नव्हे, असे व्हिएन्नाचा समीक्षक एडुआर्ड हान्सलिक याने १८५४मध्ये मांडले होते. त्या न्यायाने इंजिनाची नक्कल हलकीच ठरावी. पण मायझेलची लय नकलेपाशी थांबत नाही. तिचे चढणे आणि तुटणे नादाच्या आतल्या हिशोबाने चालते. हान्सलिकच्या कसोटीला ती बऱ्यापैकी उतरते.

अडचण येते ती काळाची. संगीताला स्वतःचा काळ असतो आणि दृश्यांच्या जुळणीलाही. मूकपटाचा वेग बांधलेला नसे, प्रोजेक्टर हळू-जलद चालवता येई. त्यामुळे दोघांपैकी कोणी नमते घ्यायचे, हा प्रश्न प्रत्येक खेळाला उभा राही. १९२९मध्ये लंडनच्या फिल्म सोसायटीने केलेल्या ‘पोटेमकिन’च्या खेळात मायझेलने संगीतासाठी चित्राचाच वेग कमी करवला, अशी आयझेनस्टाइनची तक्रार होती. दगडी सिंहांच्या तीन वेगवेगळ्या पुतळ्यांची दृश्ये झर्रकन गेली तर एकच सिंह उसळून उठल्याचा भास होतो. संथ वेगात ती युक्ती उघडी पडली आणि प्रेक्षक हसले. संगीत चाकर नसल्याचा याहून रोखठोक पुरावा मिळणे कठीण, मात्र त्याची किंमत चित्राने मोजली.

बोलपटाने वेग पक्का केला. १९३०मध्ये मायझेलच्याच संगीतासह ‘पोटेमकिन’ची ध्वनिमुद्रित आवृत्ती निघाली, त्याच वर्षी तो वारला. पुढे या चित्रपटाला इतरांनीही संगीत दिले. चित्रपट ‘पोटेमकिन’च राहिला, मायझेलची रचना मात्र पडद्यावाचून क्वचितच ऐकू येते. म्हणजे हे स्वातंत्र्य एकतर्फी आहे. २००५च्या पुनरुद्धारित प्रतीत त्याचे संगीत परत आले, पण ते लिहिले गेले होते कात्री लागलेल्या जर्मन आवृत्तीसाठी. लांबलेल्या चित्राला पुरावे म्हणून हेल्मुट इमिश या संगीतसंचालकाला ते नव्याने बेतावे लागले.