बोगद्यातली खडी

खेळण्यातल्या रेल्वेचा नाद वाईट. पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचं एक संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. ते पाहून आलो आणि आमच्या घरातलं जेवणाचं टेबल कायमचं रेल्वेखात्याकडे गेलं.

या नादातलं सगळ्यात चिकट काम म्हणजे रुळांत खडी घालणं. खऱ्या रेल्वेची खडी कामाची असते. कोनेदार दगड एकमेकांत अडकून स्लीपर हलू देत नाहीत, गाडीचा भार खाली पसरवतात, पावसाचं पाणी वाहू देतात. माझी गाडी खरीच्या सत्त्याऐंशी पटींनी लहान. म्हणजे पाच सेंटिमीटरचा दगड माझ्याकडे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. ही खडी चमच्यानं पसरायची, ब्रशनं स्लीपरवरून झटकायची, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यानं भिजवायची (साबण नसला तर पाणी खडीवर मोत्यासारखं बसून राहतं) आणि मग पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरनं सोडायचा. तो सांध्यात गेला, तर सांधा जन्माचा चिकटला म्हणून समजा!

"खडी नसली तर गाडी चालत नाही का?" आमच्या हिनं विचारलं.

"चालते."

"मग?"

या 'मग'पुढे भल्याभल्या तत्त्वज्ञांची दांडी उडेल. "बरी दिसते," मी म्हणालो.

आता, खडी दिसण्यापुरतीच, तर न दिसणाऱ्या जागी कशाला? म्हणून पुठ्ठ्याच्या डोंगरातल्या दोन फुटी बोगद्यात मी रूळ उघडेच ठेवले. तर्कशास्त्रात चूक नव्हती. पण आठ वर्षांच्या नातवाला तर्कशास्त्र येत नाही, त्याच्याकडे टॉर्च असते.

"आजोबा, आत खडीच नाही!"

"अरे, तिथं काम चालू आहे," मी म्हणालो.

"मग उद्या बघतो," म्हणून तो खुशाल झोपायला गेला. विश्वास ठेवून!

उघडे रूळ ही काही फसवणूक नव्हती. पण हे वाक्य होती. आणि विश्वास ठेवणाऱ्याला थाप मारली, की ती खरी करून दाखवण्यावाचून सुटका नाही.

रात्री डोंगर उचलून बाजूला ठेवला. हनुमंतानंतर मीच! बाराच्या सुमारास दिवा पाहून ही बाहेर आली.

"अहो, बोगद्यात कोण बघणार आहे?"

"काम चालू आहे," मी म्हणालो.

या खेपेला मात्र ते खरं होतं.